उथळ किनाऱ्यासाठी जुनी बोट घेताना: बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याला समुद्र नाही, पण बोट घ्यायची हौस असलेली मराठी मंडळी इथे कमी नाहीत. कुणाचं मूळ घर दापोली-गुहागरकडे खाडीकाठी आहे, कुणाला सुट्टीच्या दिवशी महीच्या मुखाशी गळ टाकायचा असतो, कुणी निवृत्तीनंतर नातवंडांना पाण्यावर न्यायचं म्हणतो. नवी बोट परवडत नाही म्हणून बहुतेकांची नजर जुन्यावर जाते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सुरुवात कुठून करायची? आधी बजेट की आधी बोट?

आधी पाणी. बोट कुठे चालवणार, ते जागेच्या नावासकट ठरवा. ‘समुद्रात’ हे उत्तर धरता येत नाही. कोकणातल्या खाडीत खाली वाळू, चिखल आणि मध्येच खडक असतो. भरती-ओहोटीतला फरक दोन-तीन मीटरचा असतो. आपल्याला जवळच्या खंभातच्या आखातात खाली गाळच गाळ, पाणी चहाच्या रंगाचं आणि भरती-ओहोटीतला फरक उधाणाला दहा मीटरच्या घरात जातो. दोन्ही पाणी ‘उथळ’ म्हणवतात, पण एकीकडे शहाणी ठरलेली होडी दुसरीकडे त्रास देते.

आखाताचं एवढं काय? पाणी कमी झालं की थांबायचं, वाढलं की निघायचं.

असंच करायचं असतं, पण थांबायचं कुठे हे बोट ठरवते. म्हणून हा मुद्दा सविस्तर.

दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणजे पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सहा तास आणि थोडं वर. या सहा तासांत पाणी एकसारखं उतरत नाही. जुना ठोकताळा असा: पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. आता एकूण उतार दहा मीटर धरा. मधल्या दोन तासांत पाच मीटर पाणी जातं, म्हणजे मिनिटाला सुमारे चार सेंटीमीटर. तुमच्या बोटीखाली वीतभर पाणी आहे असं म्हणेपर्यंत पाच-सहा मिनिटांत ती गाळावर टेकलेली असते. आणि तळ जवळजवळ सपाट असल्याने पाणी नुसतं खाली जात नाही, लांब निघून जातं. चालत किनारा गाठायचा म्हटलं तर गाळ मांडीपर्यंत घेतो. तिथे उतरायचं नाही, बोटीतच बसून राहायचं.

म्हणजे आखातात बोट टेकणं हा अपघात समजू नका, ते होणारच. बोट निवडताना खरा प्रश्न हा की टेकल्यावर ती सरळ बसते का, आणि भरती आल्यावर पाणी आत न घेता उचलली जाते का.

शिवाय गाळ जागा बदलतो. आखात ओलांडणारी घोघा-दहेज फेरीबोट २०१७ च्या ऑक्टोबरात गाजावाजाने सुरू झाली, पण दहेजच्या बाजूला गाळ साचून खोली पुरेना. २०१९ मध्ये सेवा बंद पडली आणि २०२० मध्ये ती हजिराहून सुरू करावी लागली. गाळ उपसणारा ड्रेजर लावूनही मोठ्या जहाजाची ही गत, तर गेल्या वर्षी कुणी दाखवलेल्या वाटेवर यंदा भरवसा ठेवून बोट घेऊ नये.

ज्यांनी हे पाणी पाहिलं नाही, त्यांनी बोटीचा बयाणा देण्याआधी कावी-कंबोईला एकदा जाऊन यावं. बडोद्याहून पाऊणशे किलोमीटर. स्तंभेश्वर महादेवाची पिंड भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा दिसते, म्हणून लोक दर्शनाला जातातच. जाताना पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडा आणि दर्शन झालं की लगेच परतू नका, एक पूर्ण उतार बघा.

मग ड्राफ्ट, म्हणजे बोटीला तरंगायला लागणारी पाण्याची खोली, किती असलेली बोट घ्यावी?

विकणारा सांगतो तो आकडा बहुधा रिकाम्या बोटीचा, मोटर वर उचललेली असताना असतो. चार माणसं, पेट्रोलचे कॅन, नांगर आणि खाली सोडलेली मोटर धरून मोजा. आऊटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून टांगलेली मोटर) खाली असली की तिचं टोक बुडाच्या खाली साधारण फूटभर जातं. वीस फुटी उघडी फायबरची होडी स्वतः वीत-दीड वीत पाण्यात बसते, मोटरसकट दोन-अडीच फूट धरून चाला. यापेक्षा जास्त लागणारी बोट आपल्या कामाची नाही. यापेक्षा फार कमी लागणारी असेल तर वारा आडवा आला की ती पाण्यावर सरकत जाते, तेही लक्षात ठेवा.

बूड सपाट हवं की व्ही आकाराचं?

सपाट बूड गाळावर पाटासारखं बसतं, कलत नाही. पण वारा प्रवाहाच्या विरुद्ध वाहायला लागला की आखातात आखूड, उभ्या लाटा उठतात आणि सपाट बूड त्यावर दाणदाण आपटतं. कंबरदुखीवाल्यांनी नादी लागू नये. खोल व्ही लाटेत सुखाची, पण टेकल्यावर एका कुशीवर पडते. मग भरतीचं पाणी आधी आत शिरतं, बोट नंतर उचलली जाते.

माझं मत विचाराल तर पुढे नाळेशी धारदार आणि मागे येता येता जवळजवळ सपाट होणारं बूड घ्या. आपल्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच मासेमारी होड्या अशाच असतात, आणि त्या तशा का झाल्या ते तिथल्या एखाद्या तांडेलाला (होडीवरच्या म्होरक्याला) विचारलंत तर कोणत्याही कॅटलॉगपेक्षा जास्त कळेल.

अलंगला जहाजांच्या लाइफबोटी स्वस्तात मिळतात. घ्यावी का?

हा प्रश्न बडोद्यात हमखास येतो, कारण भावनगरकडे जाणारा प्रत्येकजण अलंगच्या रस्त्यावरची दुकानं पाहून येतो. तोडायला आलेल्या जहाजांवरचा माल तिथे ओळीने मांडलेला असतो: खुर्च्या, फ्रीज, क्रोकरी आणि नारिंगी रंगाच्या बंद लाइफबोटी.

लाइफबोट मजबूत असते, दोन कवचांच्या मध्ये फोम भरलेला असतो, ती सहसा बुडत नाही. पण ती बनवली आहे जहाज सोडून माणसं जिवंत ठेवायला. तिला आंतरराष्ट्रीय नियमाने पूर्ण भार असताना सहा नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे अकरा किलोमीटरचा, वेग पुरतो. आखातातला उधाणाचा प्रवाह याच वेगाच्या आसपास किंवा काही ठिकाणी त्याहून जोरात वाहतो. म्हणजे इंजिन पूर्ण जोरात आणि बोट जागच्या जागी. बूड गोलसर, वजन काही टनांत, पंखा खाली कायमचा बसवलेला. टेकली की कलणार, आणि ढकलून निघायची बात नाही. जुन्या लाइफबोटीतल्या फोममध्ये पाणी मुरलं असेल तर वजन आणखी वाढलेलं. फार्महाऊसवर मुलांना खेळायला ठेवायची असेल तर जरूर आणा.

त्याच दुकानांतून नांगर, दोर, फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून बाजूला टांगायच्या गाद्या), दोर बांधायचे पितळी क्लीट हे मात्र डोळे उघडे ठेवून घेण्यासारखं असतं. लाइफ जॅकेट तिथली घेऊ नका. आतला फोम किती जुना, किती उन्हात पडलेला, हे वरून कळत नाही.

एखादी देखणी स्पीडबोट मिळत असेल तर?

इंजिन आत बसवलेली असेल तर नको. खाली गाळ उपसला जातो आणि थंड करायच्या पाण्यासोबत तोच गाळ इंजिनात जातो. जेटवर चालणारी तर मुळीच नको. तलावात ती छान, गाळात तिचा पंप झिजतो.

लाकडी होडी?

लाकडाची माया असेल आणि दरवर्षी हात काळे करायची तयारी असेल तरच. सागाची चांगली होडी पिढ्यानपिढ्या टिकते, पण ती पाण्यात किंवा ओल्यात राहिली पाहिजे. बडोद्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात ट्रेलरवर ठेवलीत तर फळ्या आकसून सांधे उघडतात. शिवाय खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड आतून पोखरतो, बाहेर फक्त टाचणीएवढी भोकं दिसतात. बारीक टोकाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन पाण्याच्या रेषेखाली, बुडाच्या मधल्या कण्याजवळ टोचून बघा. लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर चहा पिऊन परत या.

फायबरची जुनी होडी कशी तपासायची?

बोट जमिनीवर असताना, दिवसाउजेडी, आणि कोरडी. ओली बोट सगळे दोष लपवते.

आधी लांबून बघा. बाजूला उभं राहून बुडाची रेघ नजरेने तपासा: कुठे पोट सुटलंय का, कुठे खड्डा आहे का. वाळूवरून ओढून कण्याखालची वरची थर झिजून आतले काचधागे दिसत असतील तर ते दुरुस्त होतं, पण किमतीतून वजा करायचं. धाग्यांना पाणी लागून ते काळपट झाले असतील तर काम मोठं आहे.

मग नाणं किंवा छोटी हातोडी घेऊन सगळीकडे ठोकत जा. चांगल्या भागातून टणक, स्वच्छ आवाज येतो. थर सुटले असतील किंवा आतलं प्लायवूड कुजलं असेल तर आवाज बद्द येतो. डेकवर अनवाणी चाला, पायाखाली लवतं का ते चपलेतून कळत नाही. बुडावर फोड दिसले तर एखादा फोडून बघायची परवानगी मागा. आंबट वासाचं पाणी निघालं तर पाणी थरांत मुरलं आहे. थोडे फोड चालतात, पूर्ण बुडावर पुरळ असेल तर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा: मागची उभी फळी, जिच्यावर मोटर टांगलेली असते. आपल्याकडच्या होड्यांत फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असतं, आणि स्वस्तातल्या बांधणीत ते मरीन प्लाय नसतं. मोटरच्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत उतरतं. मोटर वर उचलून तिचं खालचं टोक धरा आणि वरखाली हलवा. मोटर फळीसकट हलली, किंवा बोल्टभोवती केसासारख्या चिरा दिसल्या, तर ही फळी नवी बसवावी लागेल. मोटरच्या खालोखाल मोठा खर्च हाच असतो. विकणारा म्हणेल, ‘एवढं तर सगळ्यांनाच असतं.’ असेलही. ज्याला आहे त्याने किंमत कमी करावी.

आतल्या बाजूने उभे-आडवे पट्टे बुडाला धरून आहेत का ते पाहा. सुटलेल्या पट्ट्यावर ताजा रंग मारलेला असला की मला शंका येते. एकूणच, विकायच्या आठवड्यात रंगवलेली बोट न रंगवलेल्या बोटीपेक्षा अवघड तपासणी मागते.

मोटर तपासायला मेकॅनिकच हवा का?

शेवटी हवाच, पण आधी तुम्हीच अर्धं काम करू शकता. येण्याआधी मोटर चालू करून ठेवू नका, असं विकणाऱ्याला सांगा. गरम मोटर सगळ्यांचीच चालू होते. थंड असताना किती ओढण्यांत लागते ते बघा. चालू झाल्यावर मागच्या छोट्या नळीतून पाण्याची सणसणीत धार यायला हवी. धार बारीक किंवा तुटक असेल तर आत गाळ, मीठ किंवा झिजलेला इम्पेलर, म्हणजे थंड करायचं पाणी ओढणारी रबरी चक्री. इम्पेलर स्वस्त आहे, मिठाने बुजलेल्या वाटा नाहीत. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून पाहा. दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय. मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सगळे एकमेकांच्या जवळ, दहा टक्क्यांच्या आत, आहेत का हे महत्त्वाचं.

मोटरच्या दांड्याची लांबी बोटीला जुळते का हेही बघा. १५ इंची आणि २० इंची या दोन नेहमीच्या. आखूड फळीवर लांब दांडा बसवला असेल तर उथळ पाण्यात पाच इंच फुकट जातात.

रॉकेलवर चाललेली मोटर स्वस्त मिळते आणि तिला काजळीचा शाप असतो. हवेने थंड होणारं लाँग-टेल (लांब दांड्याच्या टोकाला पंखा असलेलं) डिझेल इंजिन आवाजी आणि ओबडधोबड, पण गाळाच्या पाण्याशी त्याचा संबंध फक्त पंख्यापुरता येतो. पंखा हवा तेव्हा पाण्याबाहेर काढता येतो. शान नाही, काम आहे. कुटुंबाला घेऊन जाणार असाल तर आवाजामुळे दुसऱ्यांदा कुणी येणार नाही, हा वेगळा भाग.

बोट बघायला कोणत्या महिन्यात जावं?

बघायला पावसाळ्यात. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारीबंदी असते, त्यामुळे होड्या वर ओढलेल्या, बुडं उघडी आणि मालक निवांत. पण या दिवसांत पाण्यात चालवून बघता येत नाही, आणि चालवून न बघता पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. म्हणून बयाणा देऊन ठेवा, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवला की चाचणी घ्या आणि मग व्यवहार पुरा करा. हे कागदावर लिहून घ्या. चाचणी भरती चढत असतानाच घ्यायची. टेकलात तरी पाणी तुम्हाला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकलात तर रात्र तिथेच.

कागदपत्रं कोणती मागायची?

२००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी वापरलेली ‘कुबेर’ ही होडी पोरबंदरची होती. तेव्हापासून गुजरातच्या किनाऱ्यावर बिनकागदाची बोट म्हणजे पोलीस चौकीची पायरी चढणं आलंच. नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र, बोटीवर रंगवलेला क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक जुळतो का, मोटरचं मूळ बिल आणि तिच्यावर कोरलेला नंबर, बँकेचं कर्ज फिटल्याचा दाखला, विम्याची प्रत, एवढं तरी हवंच.

होडी मासेमारीसाठी नोंदलेली असेल आणि तुम्हाला सहलीसाठी हवी असेल तर नोंदीचा प्रकार बदलावा लागतो. ते मत्स्य खात्यात आणि गुजरात मेरिटाइम बोर्डाकडे आधी विचारा, पैसे नंतर द्या. मोटर सरकारी मदतीतून घेतलेली असेल तर तिच्या विक्रीवर अट असू शकते. नद्या-खाड्यांच्या आतल्या पाण्यात इंजिनाची बोट चालवायची तर २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागतो. त्यात नोंदणी, तपासणी आणि विमा तिन्ही येतात. कोकणात नेणार असाल तर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या स्थानिक बंदर कार्यालयात जाऊन या. फोनवर मिळालेलं उत्तर आणि टेबलासमोर बसून मिळालेलं उत्तर यांत फरक पडतो.

ट्रेलरवर बडोद्याहून नेता येईल?

येईल. रस्त्यावर एकूण रुंदी २.६ मीटरच्या आत हवी आणि ट्रेलरची स्वतःची आरटीओ नोंदणी हवी. जुन्या ट्रेलरमध्ये बेअरिंग आणि ब्रेक बोटीइतकेच बारकाईने बघा, खारं पाणी त्यांना आधी खातं. आखाताच्या गाळात ट्रेलर उतरवायचा मोह मात्र टाळा. पक्का उतार असलेली जागा सापडली नाही तर बोट किनाऱ्यावरच्या ओळखीच्या माणसाकडे ठेवलेली बरी.

भरतीची वेळ कालनिर्णयवरून काढता येते ना?

मुंबई-कोकणासाठी आजोबांचा हिशेब चालतो: तिथीला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास. पण खंभातच्या आखातात भरती मुंबईनंतर काही तासांनी पोचते, त्यामुळे तो हिशेब इथे लावलात तर भलत्या वेळी पाण्यात असाल. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढते, त्यात भावनगर आहे. ती वापरा आणि आपल्या जागेचा फरक स्थानिकांकडून समजून घ्या. तिथीचा उपयोग एवढाच की पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात मोठा, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे तो सगळ्यात कमी. नवख्याने भांगाचेच दिवस धरावेत. उधाणाला महीच्या मुखात पाणी उभ्या लाटेसारखं आत घुसतं, तेव्हा तिथे काही काम नसावं.

किती माणसं बसवता येतील?

बोटीच्या प्रमाणपत्रावर लिहिलेली, त्यातून एखादं कमी. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. तेही शहरातलं, लाट नसलेलं पाणी. बडोद्यात यावर आणखी समजवायची गरज पडू नये, तरी ‘आज पाहुणे आहेत, बसू दे एक जास्त’ हे अजून ऐकू येतं. जॅकेट नवी घ्या, प्रत्येकाच्या मापाची घ्या, मुलांना मोठ्यांची घालू नका. अंगात घालूनच बोटीत चढायचं. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

टेकण्यासाठी बोटीत वेगळं काय सामान ठेवावं?

दोन नांगर, त्यातला एक गाळात रुतणारा, रुंद पात्यांचा. दहा मीटरचं पाणी चढणार असेल तर दोर त्या हिशेबाने लांब हवा. आखूड दोराने बांधलेली बोट भरतीत नाळ खाली घालते. एक लांब बांबू, फुटाच्या खुणा केलेला: खोली मोजायला तोच, ढकलायला तोच. गढूळ पाण्यात खोली मोजणाऱ्या महागड्या सोनार यंत्रापेक्षा तो खरं बोलतो. पिण्याचं पाणी दुप्पट, डोक्यावर सावलीसाठी कापड, रात्रीसाठी दिवा. टेकलात की सहा-सात तास बसायची तयारी असावी, मग घाबरून कुणी गाळात उतरत नाही.

बोट सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवता येईल का?

अध्यक्षांवर अवलंबून. ठेवलीत तर प्रत्येक खेपेनंतर मोटर गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवून मीठ-गाळ बाहेर काढा. बोट नाळेच्या बाजूने थोडी उंच करा आणि मागचा बुडाचा बूच काढून ठेवा, नाहीतर पहिल्याच जोरदार पावसात तिच्यात टनभर पाणी साचतं आणि ट्रेलरचे टायर बसतात. ताडपत्री बोटीला घट्ट चिकटवून बांधू नका, खालून वारा खेळला पाहिजे. बूच किल्लीच्या जुडग्यालाच अडकवा, म्हणजे पुढच्या वेळी तो घरी विसरून कोणी बोट पाण्यात लोटणार नाही.